मुलाचे पहिले वाहन

कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर हे १८२६ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस तंजावूरला आले आणि तेथे त्यांनी सरफोजीराजे भोसले यांची भेट घेतली. राजांविषयी हेबर यांनी जे लिहून ठेवले आहे त्यात त्यांच्या गुणांची एक मोठी मासलेवाईक यादी आहे. लाव्हाझिए, लिनियस, ब्युफाँ या युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले राजांच्या जिभेवर होते. शेक्सपिअरच्या काव्यावरील त्यांची मते मार्मिक होती. आणि या विद्वत्तेच्या जोडीला आसपासचे इंग्रज अधिकारी त्यांना मानीत ते घोड्याचे खरे पारखी व वाघावर निर्भयपणे अचूक नेम धरणारे शिकारी म्हणून. ग्रंथांचा व्यासंग आणि घोड्याची पारख या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी असाव्यात यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही. वाहनाची निवड करणे हीदेखील एक विद्या आहे, असे मानण्याचा तो काळ होता.

या विद्येचा लेखी वारसाही तंजावूरने सांभाळला आहे. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात अश्वशास्त्राची आणि गजशास्त्राची सचित्र हस्तलिखिते आहेत. नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्र या ग्रंथालयाने १९५२ साली छापून प्रसिद्ध केले. पांडवांपैकी नकुल हा घोड्यांचा जाणकार, आणि शालिहोत्र हा या शास्त्राचा आद्य आचार्य, अशी परंपरा आहे. घोड्याचा वर्ण, त्याच्या अंगावरील केसांचे भोवरे, त्याची चाल, त्याचे वय, त्याचे आजार अशा अनेक अंगांनी ही परंपरा घोड्याकडे पाहते.

आज पागा उरल्या नाहीत. मोतद्दार आणि चाबूकस्वार हे शब्द कोशांत आणि बखरींत राहिले. तथापि घोडा गेला म्हणून निवडीचा प्रश्न गेलेला नाही. तो एका नव्या रूपात पुढे आला आहे. हातात सायकल आलेले मूल दोन वर्षांत यंत्राच्या वाहनाची मागणी करू लागते. आणि ज्या कुटुंबाजवळ थोडी मोकळी जमीन आहे तेथे ही मागणी बहुधा एका विशिष्ट वाहनापाशी येऊन थांबते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘एटीव्ही’ म्हणतात. कोणत्याही भूमीवरून जाणारे वाहन, असा त्या नावाचा अर्थ. कोणी त्यास ‘क्वाड बाइक’ असेही म्हणतात. मुलासाठी असे पहिले वाहन घ्यावे की नाही, घ्यावयाचे तर कोणते, आणि ते भरवशाचे आहे हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न दिसतो तितका हौसेपुरता मर्यादित नाही. त्यात मुलाच्या हातापायांचा आणि प्रसंगी प्राणांचाही प्रश्न गुंतलेला आहे.

प्रथम हे वाहन कसे असते ते पाहू. त्याला चार चाके असतात, आणि चाकांवरील टायर रुंद, फुगीर व कमी दाबाच्या हवेचे असतात. त्यामुळे मऊ माती, वाळू, खडबडीत जमीन यांवरून ते सहज जाते. मोटारीप्रमाणे त्यात आत बसावयाचे नसते. घोड्यावर बसावे तसे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावयाचे आणि सायकलीसारखी मूठ धरून ते वळवावयाचे. जपानच्या होंडा कंपनीने १९७० साली विक्रीस आणलेले या जातीचे पहिले लोकप्रिय वाहन तीन चाकांचे होते. चार चाकांचे वाहन सुझुकी कंपनीने १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाजारात आणले. तीनचाकी गाड्या वळताना सहज उलटत, आणि त्यात मुलांना फार इजा होत. अखेरीस १९८८ साली अमेरिकेत शासन आणि उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत समझोता होऊन तीनचाकींची नवी विक्री थांबली. या वाहनाच्या इतिहासातील पहिला धडा असा मुलांच्याच अपघातांनी शिकविलेला आहे.

चार चाके आली म्हणून धोका संपला असे मात्र नाही. उलट चार चाकांमुळे एक फसवी निश्चिंतता येते. सायकल उभी केली तर पडते, म्हणून मूल तिच्याविषयी सावध असते. चौचाकी आपल्या पायांवर उभी राहते, म्हणून ती सुरक्षित वाटते. वस्तुतः या जातीच्या बहुतेक लहान वाहनांत मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसविलेली असतात. मोटार वळताना बाहेरचे चाक अधिक व आतले चाक कमी फिरते. येथे दोन्ही चाके सारखीच फिरू पाहतात आणि वाहन सरळच जाण्याचा हट्ट धरते. त्याला वळवावयाचे तर स्वाराने आपल्या शरीराचा भार पुढे आणि वळणाच्या आतील बाजूस झुकवावा लागतो. चढणीवर पुढे, उतरणीवर मागे असे सतत सरकावे लागते. म्हणजे या वाहनाचा तोल निम्मा यंत्रात आणि निम्मा स्वाराच्या अंगात असतो. जुने लोक घोडेस्वाराविषयी ‘मांड पक्की आहे’ असे म्हणत, त्यातील तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते. फरक इतकाच की, घोडा स्वतःही खड्डा पाहून थांबतो. यंत्राला डोळे नसतात.

यावरून निवडीचे मुख्य सूत्र आपोआप निघते. वाहनाची पारख स्वारापासून सुरू झाली पाहिजे. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची चाल आहे. सदरा दोन बोटे मोठा असला तर बाही दुमडता येते, आणि पुढच्या वर्षी तोच सदरा अंगाबरोबर होतो. ही काटकसर कपड्यांच्या बाबतीत शहाणपणाची आहे. वाहनाच्या बाबतीत ती प्राणघातक ठरू शकते. ‘आता थोडे मोठे होईल, पण चार वर्षे चालेल,’ या हिशेबाने घेतलेले वाहन मुलाच्या हाती येते तेव्हा त्याचे पाय टेकत नाहीत, ब्रेकपर्यंत बोटे पोचत नाहीत, आणि वाहन कलले तर ते सावरण्याइतके वजन त्याच्या अंगात नसते. दहा वर्षांच्या मुलाचे वजन साधारणपणे तीस किलोच्या आसपास. मुलांसाठी बनविलेले छोटे वाहनही १०० ते १२५ किलोंचे असते, आणि प्रौढांचे २५० ते ३५० किलोंपर्यंत जाते. प्रौढांचे वाहन मुलावर उलटले तर त्याखालून ते स्वतः निघू शकत नाही. त्याचे वाहन आजच्या अंगाचे असले पाहिजे; दोन वर्षांनंतरच्या अंगाचे नव्हे.

हे माप कसे घ्यावे? मुलाला वाहनावर बसवावे, यंत्र बंद ठेवावे, आणि चार गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट पायांची. बसल्यावर तळपाय पायदानावर सपाट टेकले पाहिजेत आणि गुडघे वाकलेले असले पाहिजेत. दुसरी उभे राहण्याची. पायदानावर मूल उभे राहिले की त्याच्या आणि बैठकीच्या मध्ये निदान तीन इंच अंतर असावे. कारण खडबडीत जमिनीवर गुडघ्यांनीच हिसके झेलावयाचे असतात. तिसरी हातांची. मूठ डावीकडे पूर्ण वळवावी, मग उजवीकडे. दोन्ही वेळा दूरचा हात कोपरात किंचित वाकलेला राहिला पाहिजे. तो ताठ होत असेल किंवा अंग पुढे ओढले जात असेल तर वाहन मोठे आहे. चौथी बोटांची. ब्रेकच्या दांडीवर ठेवलेल्या मधल्या बोटाचे पहिले पेर दांडीच्या पुढे आले पाहिजे, आणि वेग देणाऱ्या खटक्यावर अंगठा मूठ न सोडता पोचला पाहिजे. या चारांपैकी एकही कसोटी उतरत नसेल तर किंमत, रंग आणि दुकानदाराचे आर्जव यांचा विचार करण्याचे कारण उरत नाही.

अंगाचे माप झाले की मनाचे माप घ्यावे लागते, आणि ते अधिक कठीण. मूल सायकल सरळ चालविते काय, उतारावर वेळेवर ब्रेक दाबते काय, ‘थांब’ म्हटल्याबरोबर थांबते काय, आणि मोठे माणूस पाठमोरे झाल्यावरही सांगितलेली मर्यादा पाळते काय? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे घरातच मिळतात. दोन भावंडांपैकी धाकटे तयार असेल आणि थोरले नसेल, असेही होऊ शकते. वय ही सोयीची खूण आहे, पण ती एकटी पुरत नाही. येथे आणखी एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सोळा वर्षांखालील मुलांनी ही वाहने मुळीच चालवू नयेत, असाच सल्ला सातत्याने दिलेला आहे. त्या सल्ल्याचा मान राखून वाहन न घेण्याचा निर्णय करणारे आईबाप भित्रे नव्हेत. ‘घ्यावयाचे नाही’ हाही निवडीचा एक प्रतिष्ठित निकाल आहे.

तथापि मुलाला उंबरठ्याच्या आत ठेवणे म्हणजेच त्याचे रक्षण, असेही समजू नये. तंजावूरच्या इतिहासातच याचे एक करुण उदाहरण आहे. तुळजाजीराजांनी १७८७ साली दत्तक घेतलेला सरफोजी त्या वेळी नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले, आणि राज्य अमरसिंगाच्या हाती गेले. त्यानंतर या मुलाला ज्या रीतीने कोंडून ठेवण्यात आले, उजेडावाचून व शिक्षणावाचून त्याची जी आबाळ झाली, तिच्याविरुद्ध त्याचे पालक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांना वारंवार दाद मागावी लागली. पुढे १७९३ साली त्याला शिक्षणासाठी मद्रासला हलविण्यात आले. १७९८ साली तो गादीवर बसला, आणि पुढच्या आयुष्यात ग्रंथांच्या दालनात व घोड्याच्या पाठीवर सारख्याच सहजतेने वावरला. मोकळी हवा, अंगमेहनत आणि आटोक्यातील धोका यांवाचून मुलाचे शरीर आणि निर्णयशक्ती पक्की होत नाहीत. प्रश्न आहे तो धोका आटोक्यात ठेवण्याचा.

आता वाहनाकडे वळू. अश्वशास्त्रीय परंपरेत दोन प्रकारची लक्षणे एकत्र नांदतात. दातांवरून वय ओळखणे, खूर पाहणे, चाल पाहणे ही लक्षणे अनुभवाची. भोवऱ्यांवरून आणि रंगावरून स्वाराचे भाग्य सांगणे ही लक्षणे समजुतीची. मराठी मुलुखातही देवमणाचा घोडा, पंचकल्याणी घोडा यांचे अप्रूप होते. घोडा लंगडा आहे की नाही हे मात्र देवमणावरून कळत नसे. त्याला चालवूनच पाहावे लागे. आजच्या बाजारातही हे दोन प्रकार आहेत. चकचकीत रंग, शर्यतीच्या गाडीसारखी चित्रे, डोळ्यांत भरणारे दिवे आणि यंत्राची मोठी घनक्षमता, ही आजची देवमणे होत. मुलाची नजर प्रथम तेथेच जाते, आणि पुष्कळदा बापाचीही.

अनुभवाची लक्षणे निराळी आहेत. त्यांत पहिला मान वेगमर्यादेचा. पूर्वी मुलांच्या वाहनांची वर्गवारी यंत्राच्या घनक्षमतेवर केली जाई. पुढे ध्यानात आले की, घनक्षमता सारखी असूनही दोन वाहनांच्या वेगात मोठे अंतर असू शकते. म्हणून अमेरिकेतील सध्याच्या मानकात वर्गवारी वेगावर आधारलेली आहे. सहा वर्षांवरील मुलांच्या वाहनाचा कमाल वेग ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर. आणि मर्यादक बसविलेला असताना ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर. दहा वर्षांवरील मुलांच्या वर्गात मर्यादक असताना ताशी २४ आणि तो काढल्यावर ४८ किलोमीटर. मर्यादक म्हणजे वेगाचा खटका ठरावीक जागेपुढे दाबला जाऊ नये यासाठी बसविलेला स्क्रू किंवा तशीच दुसरी योजना. तो मोठ्या माणसाने अवजाराने बदलावयाचा असतो. वाहनावर वयोगटाची चिठ्ठी आहे काय, आणि मर्यादक खरोखर चालतो काय, हे दोन प्रश्न विक्रेत्याला सर्वप्रथम विचारावेत. उत्तर अडखळत आले तर वाहन तेथेच सोडावे.

दुसरे लक्षण गिअरचे. नवशिक्या मुलाचे लक्ष रस्ता, ब्रेक आणि तोल यांत गुंतलेले असते. त्यात क्लच व गिअर यांची भर नको. लहान वाहनांत पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित गिअरयोजना असते, ती पहिल्या वाहनास उत्तम. तिसरे लक्षण यंत्र तत्काळ बंद करण्याच्या साधनाचे. अंगठ्याने दाबता येईल असे बंद-बटण मुठीजवळ हवे. त्याखेरीज मनगटाला बांधण्याची दोरी असावी, म्हणजे मूल वाहनावरून फेकले गेले तर दोरी निसटून यंत्र आपोआप बंद पडते. पुष्कळ लहान वाहनांच्या पाठीमागेही अशी एक दोरी असते. मागे चालणाऱ्या मोठ्या माणसाने ती ओढली की वाहन थांबते. चौथे लक्षण झाकणांचे. साखळी, सायलेन्सर आणि फिरते भाग यांवर आवरण हवे, आणि दोन्ही पायदानांच्या मागे पाय चाकात जाऊ न देणारी रुंद जाळी वा पट्टी हवी. विजेवर चालणारी वाहनेही आता मिळतात. त्यांचा आवाज व धूर नाही आणि देखभाल कमी. मात्र विजेची मोटर सुरू होताक्षणी पूर्ण जोर देते, म्हणून त्यांतही वेगाची पायरी ठरवून देणारी किल्ली आहे की नाही हे पाहिले पाहिजे.

भरवशाचे वाहन म्हणजे कधीच न बिघडणारे वाहन, असा अर्थ घेऊ नये. असे यंत्र अजून जन्माला यावयाचे आहे. भरवसा तीन गोष्टींचा असतो: बिघाड होण्यापूर्वी तो दिसावा, झाल्यावर दुरुस्त करता यावा, आणि होताना स्वाराला दगा देऊ नये. स्वस्तात मिळणाऱ्या, बनविणाऱ्याचे नाव धड न सांगता येणाऱ्या वाहनांची खरी उणीव येथे उघडी पडते. ब्रेकचे पाते, आसाचे बेअरिंग, साखळी, कार्ब्युरेटर हे भाग तंजावूर, तिरुचिरापल्ली किंवा पुणे, जेथे कुटुंब राहते तेथे किंवा जवळच्या शहरी मिळतात काय, याची चौकशी वाहन घेण्यापूर्वी करावी. ज्याचा सुटा भाग मिळत नाही ते वाहन पहिल्या बिघाडानंतर तारेने बांधून चालविले जाते, आणि तारेने बांधलेला ब्रेक मुलाच्या हाती देण्यासारखा दुसरा अविचार नाही.

जुने वाहन घेताना तर अश्वपारख्याची नजरच हवी. घोड्याच्या बाजारात दातांवर कानस फिरवून म्हाताऱ्या घोड्याला तरुण म्हणून विकण्याची लबाडी जगभर चाले. आज हे काम नवा रंग आणि नवे बैठकीचे आवरण करते. म्हणून वरून न पाहता खालून पाहावे. सांगाड्यावर मागाहून केलेले जोडकाम दिसते काय? पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून हलविले तर ते लुळे लागते काय? मागचा आस वरखाली खेळतो काय? मूठ वळविताना मध्येच अडखळते काय? वेगाचा खटका दाबून सोडला तर तो मूठ कोणत्याही बाजूला असताना टपकन मागे येतो काय? यांतील शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. अडकलेला खटका म्हणजे तोंडात लगाम नसलेले घोडे.

वाहन निवडताना ते कोठे चालणार आहे हेही पाहावे लागते, आणि तंजावूरचा प्रदेश या दृष्टीने मोठा बोलका आहे. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात जमीन सपाट दिसते, पण ती मोकळी नाही. कल्लणईपासून निघालेले कालवे, त्यांचे पाट आणि पाटांचे फाटे यांनी सारी भूमी विणलेली आहे. मेत्तूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. ते आले की कुरुवै भातापासून शेते पाण्याखाली जातात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस त्यात भर घालतो. शेताचा बांध अरुंद, कडा मऊ आणि खाली पाणी. बांधावरून चौचाकीचे एक चाक घसरले तर ती मुलासह पाटात उलटते. त्यामुळे या प्रदेशात मुलाला बांधावर किंवा कालव्याच्या काठावर वाहन चालवू देऊ नये, हा नियम निरपवाद असावा. सांबा पीक निघाल्यानंतर, फेब्रुवारीपासून पुढे, जमीन वाळून घट्ट होते. त्या काळात विहीर, पाट आणि नारळाची झाडे यांपासून दूर असलेला एखादा सपाट तुकडा दोर व निशाणे लावून आखून घ्यावा. भेगाळलेली जमीन आधी पायी तुडवून पाहावी. उन्हाळ्याचा ताप पाहता सकाळची वेळ उत्तम. कोकणातील उतार, देशावरील खडकाळ माळ, विदर्भातील काळी माती यांच्या अडचणी निराळ्या असतील. आधी जागा, मग वाहन, हा क्रम मात्र सर्वत्र सारखाच.

सार्वजनिक रस्ता तर या विचारातून पूर्णपणे वगळावा. फुगीर टायरचे हे वाहन डांबरी रस्त्यासाठी बनविलेले नसते, आणि कायद्याचाही तेथे स्पष्ट अडसर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविता येत नाही; सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना फक्त ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलीपुरती सवलत आहे. सार्वजनिक ठिकाण या संज्ञेत केवळ हमरस्ता येत नाही. जेथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी वाट वा जागा तीत येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक जबाबदार धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. ‘गावातल्या गावात, देवळापर्यंत’ ही सबब कायदा ऐकत नाही. आणि समोरून येणारी बसही ऐकत नाही.

वाहनाबरोबरच स्वाराचा सरंजाम घ्यावा, आणि त्याची किंमत वाहनाच्या किमतीतच धरावी. डोक्याच्या मापाचे, हनुवटीखाली पट्टा बसणारे हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्या, लांब विजार, हातमोजे आणि घोट्यावर येणारे बूट इतके तरी हवेच. पैसे कमी पडत असतील तर लहान वाहन घ्यावे, हेल्मेट लहान किमतीचे घेऊ नये. आणि एका वाहनावर एकच स्वार. बैठक लांब दिसते ती स्वाराला मागेपुढे सरकता यावे म्हणून; धाकट्या भावंडाला मागे बसविण्यासाठी नव्हे. मागे दुसरे मूल बसले की पुढच्याला अंग हलविता येत नाही, आणि तोलाचे सारे गणित बिघडते.

शिक्षणाचा क्रम चाबूकस्वारांनी केव्हाच घालून दिला आहे. नवशिक्याला ते एकदम मैदानात सोडीत नसत. प्रथम लांब दोरावर घोडा गोल फिरवीत, मग कदम चाल, मग दुडकी, आणि मांड बसल्यावरच भरधाव. येथेही पहिले दिवस यंत्र बंद ठेवून हातापायांची ओळख करून द्यावी. नंतर सुरू करणे आणि थांबणे, इतकेच. थांबणे अंगवळणी पडल्याशिवाय वळणे शिकवू नये. त्यापुढे मोठी वर्तुळे, मग लहान, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फेरे. मर्यादक काही महिने तसाच राहू द्यावा, आणि तो सैल करण्याचा दिवस मुलाच्या हट्टावरून न ठरविता त्याच्या थांबण्यावरून ठरवावा. या साऱ्या काळात मोठे माणूस जवळ उभे असले पाहिजे. ओसरीवरून हाक मारणे म्हणजे देखरेख नव्हे. किल्लीही त्याच माणसाच्या खिशात राहावी.

दसऱ्याला मराठ्यांच्या घरी घोडे शृंगारून त्यांची पूजा होई. तामिळ प्रदेशात आयुधपूजेला आजही घरोघर वाहने धुऊन त्यांना चंदनकुंकू लावतात, आणि तंजावूरची मराठी कुटुंबे या दोन्ही परंपरांची वारस आहेत. पूजेचा दिवस वर्षातून एकदा येतो. तपासणीचा दिवस मात्र वाहन बाहेर काढण्याचा प्रत्येक दिवस असावा. टायरमधील हवा, दोन्ही ब्रेक, वेगाचा खटका, साखळीचा ताण, तेलाची पातळी आणि सैल झालेले नट या सहा गोष्टी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. हवा गाळणारी जाळी धुळीच्या दिवसांत वरचेवर साफ करावी. पावसाळ्यात वाहन महिनोन्‌महिने उभे राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नये. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला दमट हवेत पाणी धरण्याची खोड आहे, आणि तसे पेट्रोल साचून राहिले की कार्ब्युरेटर तुंबतो. ही तपासणी मुलाकडूनच करवून घ्यावी. ज्या मुलाला स्वतःच्या वाहनाचा सैल नट ओळखता येतो ते मूल वाहनावरही अधिक जबाबदारीने बसते.

एवढे सारे करूनही दोन-तीन वर्षांत हे वाहन मुलाला लहान होईल. गुडघे मुठीला लागू लागतील, आणि ते विकावे लागेल. त्यात पैसे वाया गेले असे कोणाला वाटेल. तसे वाटण्याचे कारण नाही. त्या अवधीत मुलाने थांबावयास, अंगाचा तोल सांभाळावयास आणि यंत्राचा आवाज ऐकावयास शिकून घेतलेले असते, आणि तेही हाडे शाबूत ठेवून. वाहन पुढच्या लहान मुलाकडे जाईल. जाताना त्याच्याबरोबर तपासणीची ती सहा कलमे आणि वयोगटाची चिठ्ठी तेवढी जाऊ द्यावी.